बाबांचा तीनचा खेळ

त्या सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी तो शोधून काढेल, बघेल आणि म्हणेल, एवढं काय होतं यात? आणि ते खरंच आहे. उगाच घुसवलेली गाणी, एक विनोदी नोकर, ट्रक चालवणारा बाप, त्याची बायको आणि त्यांचा आजारी पडणारा मुलगा. असे सिनेमे तेव्हा पुष्कळ यायचे. आले तसे जायचे. हा मात्र आमच्या घरातून गेला नाही, आणि तो का गेला नाही हे सांगायचं तर आधी माझ्या भावाचं सांगावं लागतं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं गाव आत, लांज्याच्या बाजूला. तिथे काका शेती बघायचे. आमच्या शाळेसाठी म्हणून आई आम्हां दोघांना घेऊन रत्नागिरीत मांडवीजवळ भाड्याच्या घरात राहायची. बाबा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये तेलवाले. काँट्रॅक्ट संपलं की घरी यायचे, दोन-तीन महिने राहायचे, आम्हांला त्यांची सवय व्हायला लागली की परत जायचे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. भाऊ सहा वर्षांचा.

त्याला एक खात्री होती. समुद्रात जी बोट दिसेल तिच्यात बाबा आहेत. संध्याकाळी आई आम्हांला मांडवीच्या जेटीवर न्यायची, तेव्हा मासेमारीचा साधा ट्रॉलर जरी लांबून जाताना दिसला तरी हा दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडायचा, "ओ बाबा." मी त्याला सांगायची की बाबांची बोट खूप मोठी असते, ती इकडे येत नाही. तो ऐकून घ्यायचा आणि पुढची बोट दिसली की परत हाक मारायचा.

आईला त्या काळात सिनेमाचं वेड होतं. शेजारच्या काकू आणि ती, दोघी मिळून लागेल तो सिनेमा बघायच्या. त्यातही रडवणारा असला तर आई जास्त खूश. डोळे सुजवून घरी यायची, चहाचं आधण ठेवायची आणि म्हणायची, "काय सुंदर होता गो. रडून रडून जीव हलका झाला." सिनेमात रडणं हे तिचं सुख होतं. बाबा लांब, सासर लांब, दिवसभर घरात रडण्यासारखं काही घडत नसे. मग ती तिकडे जाऊन रडून यायची.

त्या वर्षी नवरात्र संपलं आणि उकाडा वाढला. भावाला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, मग झटका आला. काकू आणि त्यांचे यजमान, दोघांनी धावपळ करून त्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. चार खाटांची खोली होती. डॉक्टर भले होते, रात्रंदिवस येऊन बघत होते. ताप मेंदूत गेलाय म्हणाले. गावाहून काका आले आणि त्यांनी मुंबईला बाबांच्या कंपनीत तार केली. बोट तेव्हा कुठल्या समुद्रात होती, आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर दमेकरी म्हातारा होता, नाटे नावाच्या बंदरगावचा. त्याची शुश्रूषा करायला त्याचा मुलगा राहिला होता. मासेमारी करणारा, आडव्या अंगाचा, उन्हाने काळा पडलेला माणूस. फारसा बोलायचा नाही. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "कुठचे तुम्ही?" आणि तो म्हणाला, "नाट्याचे." एवढीच ओळख. आम्ही घरून आणलेली पेज आई त्याच्या बापालाही द्यायची. तो आमच्यासाठी खालून पाणी भरून आणायचा.

चौथ्या दिवशी सकाळी भावाला जरा शुद्ध आली, आणि आल्याबरोबर त्याने हाका मारायला सुरुवात केली. जेटीवर मारायचा तशाच. "बाबा. ओ बाबा." आई म्हणायची, "येतायत हं. बोट लागली की येतायत." तो क्षणभर थांबायचा आणि परत सुरू करायचा. पाणी पाजलं, अंग पुसलं, काकांनी त्याच्याजवळ बसून बघितलं. काका बोलले की तो मान फिरवायचा. त्याला काकांचा आवाज ओळखता येत होता. सूर्य वर चढत गेला, त्याचा आवाज बारीक होत गेला, पण हाक थांबेना. शेवटी काका खोलीबाहेर निघून गेले. त्यांना ऐकवेना.

तेव्हा तो नाट्याचा माणूस उठला. आईला त्याने काही विचारलं नाही. खाटेच्या कडेला बसला, भावाचा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ. आलो रे."

मी आईच्या मागे उभी होते. भावाने डोळे उघडले की नाही, मला दिसलं नाही. त्याचा आवाज मात्र आला.

"आता बोटीवर नको जाऊ."

"नाय जात," तो माणूस म्हणाला.

"परत नको जाऊ."

"नाय रे जात. हितंच हाय."

मग भाऊ काही बोलला नाही. दुपार होईपर्यंत तो माणूस तसाच बसून राहिला. त्याच्या बापाने पाणी मागितलं तेव्हा तो उठला नाही, मी उठून दिलं. आई दुसऱ्या बाजूला बसली होती, भावाच्या पायावर हात ठेवून. डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा आम्हांला कळलं. तो माणूस बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना मी बघितले. आम्ही निघालो तेव्हा कुणालाच कुणाचा निरोप घ्यायचं सुचलं नाही. त्याचं नावसुद्धा आम्ही विचारलं नव्हतं.

तार बाबांना मिळाली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुढचं बंदर येईपर्यंत उतरता येत नाही, बदली माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत, असं करत करत ते घरी पोचले तोवर थंडी पडायला लागली होती. काका त्यांना सकाळी एसटी स्टँडवरून घेऊन आले. बाबा आत आले, चपला काढल्या, पाय धुतले. आई म्हणाली, "पाणी तापलंय." बाबा म्हणाले, "बरं." त्यांनी आंघोळ केली, चहा घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते दुसऱ्या दिवशी उठले. उठल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्याचे कपडे कुठे आहेत?"

"गावाला देऊन टाकले," आई म्हणाली.

"बरं."

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही आणि आईने काही सांगितलं नाही. दोघं बोलायचे ते पाण्याबद्दल, माशांबद्दल, माझ्या शाळेबद्दल. बाबांनी घरातल्या सगळ्या वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. गळकी कौलं बदलली, न्हाणीघराची फरशी उखडून परत बसवली, दारं घासून रंगवायला घेतली. भाड्याचं घर, पण मालकाने कधी केलं नसतं एवढं त्यांनी केलं. हातातलं काम संपलं की ते घाबरल्यासारखे इकडेतिकडे बघायचे आणि नवं काम शोधून काढायचे. आई स्वयंपाकघरात तिच्या कामात असायची. एवढंसं घर, पण त्या दोघांच्या मध्ये मैलभर अंतर पडल्यासारखं वाटायचं. रडताना मी त्यांच्यातलं कुणालाच बघितलं नाही. मीच काय ती उशीत तोंड खुपसून रडायची.

असे काही आठवडे गेले आणि एके दिवशी काकू बाबांना म्हणाल्या, "भावोजी, तिला जरा बाहेर काढा. उंबरा ओलांडलेला नाही तिने. नवा सिनेमा लागलाय, गाणी चांगली आहेत म्हणतात." काकूंनी भल्यासाठीच सांगितलं. सिनेमात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर कितीतरी वर्षं त्या ही गोष्ट आठवून हळहळायच्या.

बाबांनी आईला विचारलं. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जाऊ या." त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी हललं. मला वाटतं, तिथे जाऊन रडता येईल असं तिला वाटलं असावं. पूर्वीसारखं.

रविवारचा तीनचा खेळ. आई, मी आणि बाबा, असे बसलो होतो. पंखे घरघरत होते, पुढच्या रांगेत शेंगा सोलण्याचा आवाज चालू होता. मध्यंतरापर्यंत सगळं हसतंखेळतं. ट्रकवाला बाप घरी येतो, मुलाला खांद्यावर घेऊन नाचतो, गाणं म्हणतो. आई एकदा हसलीसुद्धा. मध्यंतरानंतर बाप लांबच्या फेरीला निघतो, पाऊस लागतो आणि मुलाला ताप भरतो.

आईने माझं मनगट धरलं. पडद्यावर त्या बाईने मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. मुलाने हाक मारली, "बाबा." आईची नखं माझ्या हातात रुतली. परत हाक. आई उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो खाली." ती लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर निघाली आणि मी तिच्या मागे. जाताना मी वळून बाबांकडे बघितलं. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मान परत पडद्याकडे वळवली.

बाहेर अजून ऊन होतं. आई पायऱ्यांवर बसली. दारावरच्या माणसाने न विचारता पाण्याचा ग्लास आणून दिला. बंद दारातून सगळं ऐकू येत होतं. पाऊस, ट्रकचा आवाज, त्या मुलाचं बोलणं. आईने कानांवर पदर घेतला. सिनेमा संपेपर्यंत ती तशीच बसून होती. डोळ्यांतून टिपूस नाही. गर्दी बाहेर पडली, सगळ्यात शेवटी बाबा आले. डोळे लाल, पावलं जड. आई उठली आणि घराकडे चालायला लागली. बाबा तिच्या मागून, त्यांच्या मागून मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी शर्ट चढवला. "जरा जाऊन येतो," म्हणाले. दिवेलागणीच्या आधी आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. दारं रंगवायची अर्धी राहिली होती, ती तशीच राहिली. आईला वाटलं, जेटीवर जाऊन बसत असतील. मलाही तसंच वाटलं. मग एक दिवस काकू चाचरत आईला म्हणाल्या, "अगो, आमच्या ह्यांनी भावोजींना बघितलं. रोज तीनच्या खेळाला असतात म्हणे. तोच सिनेमा."

त्या संध्याकाळी आई विळीवर मासे कापत होती. बाबा आले आणि ओटीवर टेकले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत होते. आई मान वर न करता बोलली.

"तुम्ही रोज तिथेच जाता?"

बाबांनी मान हलवली.

"मला घटकाभर बसवलं नाही तिथे. मी जे या डोळ्यांनी बघितलंय ते परत बघायला लावलंत. आणि तुम्ही रोज जाऊन बघता. काय बघता एवढं?"

"शेवट बघतो," बाबा म्हणाले.

"काय आहे शेवटात?"

"तो पोचतो."

आईचे हात थांबले.

"पूल वाहून गेलेला असतो," बाबा सांगायला लागले. ते आल्यापासून त्यांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ट्रक तिथेच सोडतो. पाण्यातून येतो. पडतो, उठतो. पण पोचतो. मुलगा वाचत नाही. जातोच. पण याच्या मांडीवर जातो. याला बघून जातो." मग ते म्हणाले, "खोटं आहे ते मला कळतं. तरी रोज वाटतं, आज काही याला जमायचं नाही, आज उशीर होणार. मी जीव मुठीत धरून बसतो. आणि तो पोचतो."

विळीखालच्या ताटात पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बाबा ओटीवरून उठून आत आले आणि आईच्या समोर जमिनीवर बसले.

"आपला काही बोलला का गो शेवटी? माझी आठवण काढलीन?"

आईने पहिल्यांदा वर बघितलं. बाबांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे. ते बघणं मला कळलं. मी मान खाली घालून तांदळात बोटं फिरवत राहिले.

"झोपेत गेला," आई म्हणाली. "शुद्ध कुठे होती त्याला तापात."

"काहीच नाही बोलला?"

"काही नाही."

बाबांनी ताटाबाहेर ठिबकलेलं पाणी हाताने पुसलं. मग म्हणाले, "बरं झालं. त्रास नाही झाला त्याला." पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता. काहीतरी मिळेल म्हणून पुढे केलेला हात तसाच मागे घ्यावा, तसे ते उठले.

शुक्रवारी सिनेमा बदलला. बाबांनी राहिलेली दारं रंगवून संपवली आणि पुढच्या महिन्यात बोटीवर गेले. आई त्यानंतर थिएटरात गेली नाही. नवा सिनेमा लागला की काकू यायच्या, दारात उभ्या राहून म्हणायच्या, "येतेस?" आई म्हणायची, "तुम्ही जाऊन या." पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. माणसाला रडायला एक जागा असते, तीसुद्धा तिच्या हातून गेली. ती रडलीच नाही. तिचं डोकं दुखायचं, बारा महिने दुखायचं. कपाळाला घट्ट फडकं बांधून ती कामं करायची.

वर्षं गेली. मी कॉलेजात जायला लागले. रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागला आणि एका फेरीत बाबांनीही एक आणला. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा, आमच्याकडे आळीतली निम्मी माणसं जमायची. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात काढायची. मात्र त्या रविवारी आळीत कुणाचं तरी लग्न होतं, सगळे तिकडे गेले होते. घरात आम्ही तिघंच. बाबा रजेवर होते. त्यांचे केस तोवर बरेच पिकले होते.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या गाण्यालाच मी ओळखला. मी बंद करायला उठले. बाबा म्हणाले, "राहू दे." म्हणून मी बसले. आत आईच्या हातातल्या भांड्यांचा आवाज येत होता. गाणी गेली, नोकराचे विनोद गेले, बाप फेरीला निघाला. पाऊस लागला. त्या मुलाने हाक मारली, "बाबा."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली. हात ओले होते.

"बंद कर ते," ती मला म्हणाली.

मी टीव्ही बंद करायला गेले. घाईत आवाजाचंच बटण फिरवलं गेलं. आवाज गेला, चित्र राहिलं.

"तो झोपेत नाही गेला," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"सकाळपासून हाका मारत होता तुम्हांला. जेटीवर मारायचा तशा. मी किती सांगितलं, येतायत म्हणून. ऐकेना. गावाहून आलेल्या भावोजींचंही ऐकेना. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा उठला. नाट्याचा होता. तो जाऊन बसला आणि त्याने ओ दिली. तुमच्या जागी." आईचा श्वास लागला होता. "आपल्या पोराला वाटलं तुम्हीच आलात. म्हणाला, परत बोटीवर जाऊ नको. तो माणूस म्हणाला, नाही जात. मग गप्प झाला. त्याच्या हातात हात देऊन गेला."

बाबा अर्धवट उठले आणि परत खाली बसले.

"कसं सांगणार होते मी?" आई म्हणाली. "तुम्हांला परत जायचंच होतं. पोटासाठी जायलाच हवं होतं. हे ऐकून कसे चढला असतात बोटीवर? आणि दुसऱ्या माणसाने ओ दिली, हे तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?"

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कुठल्याच माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. आई ओल्या हातांनी तशीच त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांचं डोकं स्वतःकडे ओढून घेतलं. मग तीही रडायला लागली. इतक्या वर्षांचं. समोर पडद्यावर तो ट्रक आवाजाशिवाय पावसातून चालला होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठून टीव्ही बंद केला आणि मागच्या दारी जाऊन पायरीवर बसले.

पुढचे काही दिवस बाबा घरातल्या घरात फिरत राहिले. मग एका सकाळी चहा घेताना आईला म्हणाले, "त्या माणसाला भेटायला हवं."

"नाव माहीत नाही," आई म्हणाली. "आहे की नाही, तेही माहीत नाही."

"जाऊन बघतो. तू चल."

"मला नाही जमायचं. हिला घेऊन जा. हिने बघितलंय त्याला."

तेव्हा एसटीने नाट्याला पोचायला निम्मा दिवस जायचा. वाटेत बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि मी मनात त्या माणसाचा चेहरा जुळवत होते. जुळत नव्हता. आठवत होते ते फक्त हलणारे खांदे. बंदरावर उतरल्यावर बाबांनी एकदोघांना विचारलं, की असा असा दमेकरी म्हातारा, कितीतरी वर्षांपूर्वी रत्नागिरीत दवाखान्यात ठेवला होता, मुलगा सोबत होता. एका म्हातारीने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे माडाच्या सावलीत एक माणूस पाय पसरून जाळं सांधत बसला होता. त्याने वर बघितलं आणि मी बाबांना म्हटलं, "हेच."

बाबा त्याच्यासमोर वाळूत बसले.

"रत्नागिरीच्या दवाखान्यात तुमच्या बाजूच्या खाटेवर एक मुलगा होता. ज्याला तुम्ही ओ दिलीत. मी त्याचा बाप."

त्या माणसाच्या हातातलं जाळं सुटलं.

"माझा बापूस तिथनं आल्यावर महिन्याभरात गेला," तो म्हणाला. "पण मला तुमचं पोरच आठवायचं. मी तुमच्या जाग्यावर बोललो. नंतर लय दिवस मनात यायचं, चुकलं की काय आपलं. त्याच्या आयेस विचारलंसुद्धा नाय. पण मलापण पोरं हायत. हाक आयकवत नव्हती."

"चुकलं नाही," बाबा म्हणाले.

माझ्या मनात आलं, बाबा आता पुष्कळ काही विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं.

"हात गरम होता का त्याचा?"

"व्हता," तो माणूस म्हणाला. "शेवटपर्यंत व्हता. नंतरपण थोडा वेळ व्हता. म्हणून मी सोडला नाय."

"त्याने धरला होता?"

"ह्ये बोट धरून व्हता." त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. जाळ्याच्या दोऱ्याने चिरलेलं, जाड, मिठाने फाटलेलं बोट. बाबांनी ते बघितलं. मग हात पुढे करून त्यांनी ते बोट मुठीत धरलं आणि धरूनच राहिले. त्या माणसाने हात मागे घेतला नाही. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले.

त्याच्या बायकोने आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या एसटीत बाबा झोपले. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "हात गरम होता म्हणाला." आई म्हणाली, "हो. होता. पायही होते."

रजा संपली. माझं शिक्षण चालू होतं, गावच्या घराचं काम काढलेलं होतं. बाबांना जाणं भाग होतं. निघताना ते दारात थांबले. बॅग हातात होती, पण पाय उचलत नव्हता. आई त्यांना म्हणाली, "लहान होता तो. त्याला काय कळत होतं?"

"कळत होतं," बाबा म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर त्यांनी आणखी एक-दोन काँट्रॅक्टं केली आणि मग कायमचे गावी येऊन राहिले. तोवर माझं लग्न झालं होतं. मी माहेरी जायची तेव्हा कधी कधी दुपारी, जेवणं उरकल्यावर, बाबा आईला विचारायचे, "कसा हाक मारायचा गो तो?" आई सांगायची. जेटीवरचं सांगायची, दवाखान्यातलं सांगायची, त्या माणसाने कशी ओ दिली ते सांगायची. बाबांना सगळं पाठ होतं. तरी ते पुढे सरकून, श्वास धरून ऐकायचे. ती काही न गाळता पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटाला आले की दोघंही रडायचे, दर वेळी.